कॉस्टिकचं टायट्रेशन जुळत नाही? रीडिंग का सरकतं आणि तपासणी कुठून सुरू करावी

"सर, रीडिंग जुळत नाहीये." हे वाक्य मी आधी एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आणि नंतर कापडावर प्रक्रिया करणाऱ्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये ऐकत आलोय. मांडणी तीच असते: फ्लास्कमध्ये कॉस्टिक सोड्याचं (सोडियम हायड्रॉक्साइडचं) द्रावण, ब्युरेटमध्ये, म्हणजे नळ असलेल्या मापाच्या काचनळीत, आम्ल, आणि शेवट रंगाने दाखवणारा दर्शक, दोन थेंब. किती आम्ल लागलं त्यावरून कॉस्टिकची ताकद काढायची, हेच टायट्रेशन. उत्तर मात्र काल एक आणि आज दुसरं. विचारणारा बहुतेक वेळा स्वतःच्या हातालाच दोष देत असतो. हाताची चूक असते, नाही असं नाही, पण हात स्वच्छ असूनही उत्तर चुकतं तेव्हा दोष बहुधा बाटलीत असतो, आणि तो शोधायची रीत पुस्तकातल्या कृतीत दिलेली नसते. ती इथे लिहितोय.

आधी लक्षणं. तुमचं कोणतं ते ओळखा, कारण पुढचा रस्ता त्यावर ठरतो.

– तीन रीडिंग एकमेकांशीच जुळत नाहीत: ९.८, १०.३, ९.९.
– तिन्ही छान जुळतात, पण चार ग्रॅम कॉस्टिक एक लिटरमध्ये विरघळवून ०.१ नॉर्मलऐवजी ०.०९२ येतं.
– फिनॉल्फ्थॅलीन वापरलं की एक उत्तर, मिथिल ऑरेंज वापरलं की दुसरं, मोठं.
– शेवटाला गुलाबी रंग झटकन जात नाही, पाच-सहा थेंब नुसता फिका होत राहतो.
– आम्लाचा एक थेंबही टाकलेला नसताना गुलाबी रंग आपोआप उडतो.
– द्रावण केलं त्या दिवशी ठीक, आठवड्याने कमी.
– कारखान्याच्या टाकीत हायड्रोमीटर (द्रवाचा जडपणा मोजणारी तरंगती नळी) बुडवला तर ताकद पुरेशी दिसते, टायट्रेशन म्हणतं पुरेशी नाही.

यातलं पहिलं लक्षण बाकी सगळ्यांपेक्षा वेगळं आहे. रीडिंग विखुरलेली असतील तर दोष हात, काच किंवा डोळा यांत शोधायचा. रीडिंग एकमेकांना चिकटून आहेत पण सगळी मिळून एका बाजूला सरकलेली आहेत, तर दोष द्रावणांत किंवा हिशेबात असतो. तिथे चौथं आणि पाचवं रीडिंग घेऊन काही हाती लागत नाही, तीच चूक जास्त नीटसपणे पुन्हा लिहिली जाते.

आणि एक कळकळीची विनंती. जर्नलमध्ये १०.१, १०.१, १०.१ अशी सी.बी.आर. (सगळ्या वेळी सारखंच आलेलं ब्युरेटचं रीडिंग) मला खूप वेळा दिसते, आणि शेजारी ब्युरेटमध्ये पातळी भलतीकडेच असते. न जुळणारं रीडिंग खोडू नका. कुठे बिघडलंय हे सांगणारी तेवढी एकच खूण तुमच्याकडे असते, ती पुसली की माझ्यासारख्याला मदत करायला काही उरत नाही.

सुरुवातीलाच सुरक्षिततेचं. पिपेट (ठरलेलं माप उचलायची नळी) तोंडाने ओढू नका, रबरी फुगा वापरा. चष्मा घाला. कॉस्टिक डोळ्यात गेलं तर लगेच वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटं धुवा आणि तसेच दवाखान्यात जा. ते मारायला आम्ल लावायचा विचारही करू नका. आम्लापेक्षा कॉस्टिकची इजा डोळ्यात खोल उतरते, आणि सुरुवातीला दुखतं कमी म्हणून माणूस गाफील राहतो.

पहिली तपासणी: कागद-पेन्सिल

हिला एक रुपयाही लागत नाही, आणि माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच मिटल्यात. तीन ठिकाणी पाहा.

ब्युरेटमध्ये सल्फ्युरिक आम्ल असेल तर लेबलवर मोलॅरिटी आहे की नॉर्मॅलिटी? मोलॅरिटी लिटरमागे मोल सांगते, नॉर्मॅलिटी आम्ल किंवा अल्क म्हणून काम करायची ताकद, आणि सल्फ्युरिकचा एक रेणू कॉस्टिकचे दोन खातो. ०.१ मोलर सल्फ्युरिक म्हणजे ०.२ नॉर्मल. ते ०.१ धरून हिशेब केला की कॉस्टिक बरोबर निम्मं येतं. उत्तर जवळजवळ निम्मं किंवा दुप्पट येत असेल तर काचेला हात लावण्याआधी लेबल वाचा.

दुसरं, पातळ केल्याचा गुणक. कारखान्यात मर्सरायझिंगच्या (सुती कापडाला झळाळी आणण्यासाठी ते दाट कॉस्टिकमधून काढण्याच्या) टाकीतलं कॉस्टिक लिटरमागे २८० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ७ नॉर्मल असतं. ते तसंच टायट्रेट करता येत नाही. १० मिली घेऊन २५० मिली करायचं, त्यातले १० मिली फ्लास्कमध्ये घ्यायचे. ०.१ नॉर्मल आम्लाचे २८.० मिली लागले तर पातळ द्रावण ०.२८ नॉर्मल, मूळ द्रावण त्याच्या २५ पट म्हणजे ७.०, आणि ४० ने गुणलं की २८० ग्रॅम. या ओळी प्रत्येक वेळी कागदावर लिहा, तोंडी करू नका. २५ चा गुणक विसरला तर चूक मोठी असल्यामुळे लगेच दिसते. २५० मिलीचा फ्लास्क नव्हता म्हणून कुणी २०० चा वापरला आणि वहीत जुनाच गुणक राहिला, तर ती चूक आठवडाभर लपून राहते.

तिसरं, पातळ केलेलं द्रावण गरम असताना खुणेपर्यंत भरलं का? कॉस्टिक पाण्यात पडलं की तापतं. खोलीच्या तापमानाला आल्यावरच खुणेपर्यंत पाणी घालायचं, नाहीतर थंड झाल्यावर पातळी खाली जाते आणि द्रावण ठरवल्यापेक्षा दाट होतं.

दुसरी: ब्युरेट, पिपेट आणि कशाने काय विसळलं

हे सगळे सांगतात, म्हणून कुणी लक्ष देत नाही. नियम पाठ असतो, कारण ठाऊक नसतं. ब्युरेट शेवटी आम्लाने विसळायची, कारण आत पाणी राहिलं तर आम्ल पातळ होतं, जास्त लागतं आणि कॉस्टिकचं उत्तर वाढून येतं. पिपेट कॉस्टिकनेच विसळायची. आत पाणी राहिलं तर उत्तर घटून येतं. फ्लास्क मात्र फक्त ऊर्ध्वपातित पाण्याने. तो कॉस्टिकने विसळला तर मोजलेल्यापेक्षा जास्त कॉस्टिक आत जातं आणि उत्तर वाढतं. फ्लास्क ओला असला तरी बिघडत नाही, आत पदार्थ किती आहे तो पिपेटने ठरवलाय, पाण्याने नाही. मुलं फ्लास्क कोरडा करायला कापडाने पुसत बसतात आणि आत धागे सोडतात. तो वेळ ब्युरेटच्या टोकाकडे द्या.

टोकात हवेचा बुडबुडा असेल आणि मधेच निघून गेला, तर तेवढं आम्ल फ्लास्कमध्ये न पडताच मोजलं जातं आणि उत्तर वाढतं. भरल्यावर नळ क्षणभर पूर्ण उघडून टोक भरून घ्या. वरचं नरसाळं काढून ठेवा, त्यातून मधेच एक थेंब पडला तर लागलेलं आम्ल कमी दिसतं आणि उत्तर घटतं. गळती बघायला ब्युरेट भरून दहा मिनिटं सोडून द्या, पातळी हलली तर नळ साफ करा. आतल्या भिंतीवर थेंब चिकटून राहत असतील तर काच तेलकट आहे.

पिपेटचा शेवटचा थेंब फुंकून काढायचा नसतो. टोक फ्लास्कच्या भिंतीला टेकवून थोडं थांबायचं, टोकात राहतं ते राहू द्यायचं, त्याचा हिशेब पिपेटची खूण करतानाच झालेला असतो. दाट कॉस्टिक मात्र पिपेटमधून पूर्ण उतरतच नाही, ते मधासारखं भिंतीला धरून राहतं. ७ नॉर्मलच्या १० मिलीमध्ये ०.१ मिली मागे राहिलं की लिटरमागे जवळजवळ तीन ग्रॅम गेले. म्हणून दाट नमुना पिपेटने मोजण्यापेक्षा झाकणाच्या बाटलीत वजन करून घ्यावा, असं माझं ठाम मत झालंय.

एका थेंबाचं माप साधारण ०.०५ मिली. एकूण १० मिली लागत असतील तर एक थेंब चुकला की अर्धा टक्का, २५ लागत असतील तर ०.२ टक्का. दोन थेंबांवरून वाद घालण्यापेक्षा रीडिंग २० ते ३० मिलीमध्ये येईल असा नमुना घ्या. अंदाज घ्यायचं पहिलं, म्हणजे पायलट रीडिंग त्यासाठीच असतं.

तिसरी: दर्शक

दोन-तीन थेंब पुरतात. दर्शक स्वतःच आम्ल किंवा आम्लारी जातीचा असतो, दहा-बारा थेंब ओतले की तोही हिशेबात घुसतो. फ्लास्कखाली पांढरी टाइल किंवा साधा कोरा कागद ठेवा.

आम्ल वरून टाकत असताना फिनॉल्फ्थॅलीनमध्ये गुलाबीचं बिनरंगी होताना ओळखायचं असतं, आणि रंग जाताना पकडणं रंग येताना पकडण्यापेक्षा डोळ्याला कठीण जातं. म्हणून नवीन माणूस एक-दोन थेंब इकडेतिकडे करणारच. शेजारी तेवढंच साधं पाणी आणि तेवढाच दर्शक घातलेला दुसरा फ्लास्क ठेवला की तुलना सोपी होते. मिथिल ऑरेंजमध्ये पिवळ्याचं नारिंगी होतं तिथे थांबायचं. लाल झालं म्हणजे पुढे गेलात.

आता ते विचित्र लक्षण: आम्ल न टाकताच गुलाबी रंग उडणं. कारखान्यात नव्याने लागलेल्या एका मुलाने टाकीतलं दाट कॉस्टिक पातळ न करता थेट फ्लास्कमध्ये घेतलं, फिनॉल्फ्थॅलीन टाकलं, गुलाबी आलं आणि बघता बघता गेलं. त्याने फोरमनला निरोप पाठवला की टाकीतलं कॉस्टिक संपलंय. खरं तर ते भरपूर होतं, आणि भरपूर असल्यामुळेच रंग गेला होता. तीव्र अल्कात, म्हणजे एक नॉर्मल आणि त्यापुढे, फिनॉल्फ्थॅलीनच्या गुलाबी रूपाला आणखी एक हायड्रॉक्साइड चिकटतो आणि ते बिनरंगी होतं. तोच नमुना पाण्यात पातळ करून नव्याने दर्शक टाकला तेव्हा रंग टिकला. त्या दिवशी निरोप ऐकून टाकीत जास्तीचं कॉस्टिक ओतलं असतं तर कापडाचं नुकसान झालं असतं. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: आधी पातळ, मग दर्शक.

चौथी: पाणी

नमुन्यात वरून घातलेलं पाणी कुठलं होतं? नळाचं किंवा बोअरचं असेल तर त्यात बायकार्बोनेट असतं. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याच्या एकूण अल्कतेची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे, कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात मोजलेली. म्हणजे पिण्यास योग्य पाण्यातही ती तेवढी असू शकते. असं ५० मिली पाणी फ्लास्कमध्ये घातलं तर मिथिल ऑरेंजपर्यंत ते एकटंच ०.१ नॉर्मल आम्लाचे दोन मिली खातं, आणि ते दोन मिली तुम्ही कॉस्टिकच्या नावावर लिहिता.

तपास सोपा आहे. कॉस्टिक न घालता तेवढंच पाणी, तोच दर्शक, आणि आम्लाचे किती थेंब लागतात ते मोजा. एका थेंबात रंग बदलला तर पाणी ठीक आहे.

पाचवी: आम्लाच्या लेबलवर विश्वास

इथून पुढे वेळ लागतो. '०.१ नॉर्मल' ही चिठ्ठी बाटलीवर कुणी आणि कधी चिकटवली? तीव्र हायड्रोक्लोरिकची बाटली उघडी राहिली की वाफ जाऊन ते कमी तीव्र होतं. त्यामुळे 'साडेआठ मिली घेऊन एक लिटर केलं' म्हणजे ०.१ च्या जवळपास, ०.१ नव्हे. आम्ल लेबलपेक्षा कमकुवत असेल तर ते जास्त लागतं आणि कॉस्टिक आहे त्यापेक्षा जास्त दिसतं.

आम्लाची खरी ताकद कोरड्या सोडियम कार्बोनेटने ठरवा. ते २५० ते ३०० अंशांवर तासभर तापवून डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात, थंड करायचं. तापवायचं अशासाठी की हवेतून घेतलेला ओलावा आणि थोडं बायकार्बोनेट निघून जावं. चार दशांश स्थळांचा तराजू असेल तर ०.२ ग्रॅमच्या आसपास नेमकं वजन करून थेट फ्लास्कमध्ये. ०.२००० ग्रॅमला ०.१ नॉर्मल आम्लाचे ३७.७ मिली लागले पाहिजेत. तराजू फक्त दोन स्थळं दाखवत असेल तर ०.२ ग्रॅमचं वजन करूच नका, शेवटच्या अंकातल्या एका घराची चूकच पाच टक्के होते. त्याऐवजी १.३२५ ग्रॅमच्या जवळपास घेऊन २५० मिली करा म्हणजे ०.१ नॉर्मल होतं, आणि त्यातले २५ मिली वापरा. अशा तराजूवर चूक पाऊण टक्क्यापर्यंत राहते, हे मात्र लक्षात ठेवून उत्तराचे दशांश लिहा.

मिथिल ऑरेंजचा रंग बदलू लागला की फ्लास्क दोन मिनिटं उकळा. विरघळलेला कार्बन डायऑक्साइड जातो आणि रंग पुन्हा पिवळा होतो. थंड करून उरलेले थेंब टाका. हे उकळणं वगळलं की शेवट आधीच आल्यासारखा वाटतो.

सहावी: कॉस्टिक अजून कॉस्टिक आहे का?

माझ्या अनुभवात जुनाट, पुन्हा पुन्हा येणारा दोष इथे असतो. इतका वेळ वरच्या तपासण्यांत घालवला तो इथे पोचल्यावर शंका राहू नये म्हणून.

कॉस्टिकचं वजन करून ताकद ठरत नाही. पावसाळ्यात वॉच ग्लासवर कॉस्टिकचे दाणे, म्हणजे पेलेट, ठेवा, वजन स्थिर होण्याआधीच ते घामाघूम दिसायला लागतात. वजनात पाणी आलं, शिवाय आधीच साठलेलं कार्बोनेट आलं. म्हणून चार ग्रॅमचं ०.०९२ आलं तर ती चूक मानू नका. तेच तुमचं खरं उत्तर असू शकतं. टायट्रेशन त्यासाठीच तर करायचं.

पुढचं जास्त महत्त्वाचं. द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत राहतं. कॉस्टिकचे दोन रेणू खर्च होतात आणि सोडियम कार्बोनेटचा एक तयार होतो. कार्बोनेट आम्लाचे दोन घास खातं, पण एकाच वेळी नाही. पहिल्या घासाने बायकार्बोनेट होतं, तिथे सामू (पीएच) ८.३ च्या आसपास असतो आणि फिनॉल्फ्थॅलीनचा रंग जातो. दुसरा घास संपतो तो मिथिल ऑरेंजच्या पट्ट्यात, ३.१ ते ४.४ दरम्यान. म्हणजे फिनॉल्फ्थॅलीनला सगळं कॉस्टिक आणि निम्मं कार्बोनेट दिसतं, मिथिल ऑरेंजला दोन्ही पूर्ण. 'दोन दर्शक, दोन उत्तरं' याचा अर्थ एवढाच. दोन्ही दर्शक खरं बोलत असतात, प्रश्न वेगळे असतात. रंग रेंगाळत फिका होण्याचं कारणही हेच, बायकार्बोनेट तिथे सामू धरून ठेवतं.

यातूनच माझी सगळ्यात उपयोगाची चाचणी निघते. दोन कॉस्टिक जाऊन एक कार्बोनेट आलं तरी आम्ल खायची एकूण क्षमता तेवढीच राहते. म्हणून द्रावण केलं त्या दिवशी दोन्ही दर्शकांची रीडिंग लिहून ठेवा आणि आठवड्याने पुन्हा घ्या. मिथिल ऑरेंजचं रीडिंग तेच आहे आणि फिनॉल्फ्थॅलीनचं घटलंय, तर कार्बोनेट झालंय. दोन्ही एकाच प्रमाणात घटली, तर कॉस्टिकमध्ये पाणी शिरलंय किंवा आम्ल बदललंय. मागे पाचव्या तपासणीकडे जा.

एकाच फ्लास्कमध्ये दोन्ही घेता येतात, याला वॉर्डरची पद्धत म्हणतात. २५ मिली नमुन्यात फिनॉल्फ्थॅलीन घाला आणि आम्ल सावकाश, फ्लास्क हलवत हलवत टाका. घाईने टाकलं तर जिथे थेंब पडतो तिथे कार्बोनेट थेट शेवटापर्यंत जातं आणि वायू निसटतो. रंग गेला तिथे वाचन करा. समजा २२.४ मिली. मग त्याच फ्लास्कमध्ये मिथिल ऑरेंज टाकून पुढे चला. ब्युरेट पुन्हा भरायची नाही. समजा सुरुवातीपासून एकूण २४.० मिली. शुद्ध कॉस्टिकला लागलेलं आम्ल म्हणजे पहिल्याची दुप्पट वजा एकूण: ४४.८ वजा २४.० म्हणजे २०.८ मिली. उरलेले ३.२ मिली कार्बोनेटचे. आम्ल ०.१ नॉर्मल असेल तर कॉस्टिक ०.०८३२ नॉर्मल, लिटरमागे ३.३३ ग्रॅम, कार्बोनेट ०.०१२८ नॉर्मल, लिटरमागे ०.६८ ग्रॅम. नुसतं मिथिल ऑरेंज वापरलं असतं तर तुम्ही ०.०९६ लिहून समाधानाने वही मिटली असती.

पहिलं रीडिंग एकूणच्या निम्म्याहून कमी आलं तर हे सूत्र लावू नका. तिथे कॉस्टिक उरलेलंच नाही, कार्बोनेट आणि बायकार्बोनेट आहे. द्रावण टाकून द्या.

कार्बोनेट फार असेल तर पहिला शेवट नीट दिसत नाही. मग बेरियम क्लोराइडचं द्रावण घालून कार्बोनेट पांढऱ्या साक्याच्या रूपात बाजूला काढा आणि फक्त फिनॉल्फ्थॅलीनने उरलेलं कॉस्टिक मोजा. इथे मिथिल ऑरेंज चालत नाही, तेवढ्या आम्लात साका विरघळतो. बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी आहेत, शाळकरी मुलांच्या हाती देऊ नका आणि मोरीत ओतू नका.

कारखान्यातली गोष्ट सांगतो, कारण हा फरक तिथे कापडावर दिसतो. मर्सरायझिंगच्या टाकीत हायड्रोमीटर ५० ट्वाडल (जडपणाचं एक माप) दाखवत होता, मिथिल ऑरेंजचं टायट्रेशनही चांगलं होतं, तरी कापडाला झळाळी येत नव्हती. फोरमन म्हणाला, "साहेब, तुमचा कागद बरोबर, मग माल का असा?" त्याचं म्हणणं खरं होतं. कॉस्टिक परत परत वापरात घेतलेलं होतं, त्यात कार्बोनेट साठलं होतं. हायड्रोमीटरला फक्त जडपणा कळतो, तो कशाचा हे कळत नाही. मिथिल ऑरेंजने कार्बोनेटही कॉस्टिकमध्ये मोजलं. सुताला फुगवणारं कॉस्टिक असतं, कार्बोनेट ते काम करत नाही. दोन दर्शकांची रीडिंग शेजारी शेजारी लिहिली आणि दहा मिनिटांत उलगडा झाला. त्या दिवसापासून आमच्या रजिस्टरमध्ये एका ऐवजी दोन रकाने आहेत.

हे पुन्हा होऊ नये म्हणून द्रावण करायची पद्धत बदला. प्लॅस्टिकच्या बीकरमध्ये ५० मिली पाणी घ्या, बीकर थंड पाण्यात ठेवा, त्यात ५० ग्रॅम कॉस्टिक थोडं थोडं टाका. कॉस्टिक पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही. इतक्या दाट द्रावणात सोडियम कार्बोनेट विरघळत नाही. बंद प्लॅस्टिक बाटलीत काही दिवस स्थिर ठेवलं की ते तळाला बसतं. वरचं निवळ द्रावण सुमारे १९ नॉर्मल असतं, ०.१ साठी लिटरमागे ५.३ मिली पुरतात. पातळ करायचं पाणी आधी उकळून झाकून थंड केलेलं घ्या. बाटली पॉलिथिनची, शक्य तितकी भरलेली, आणि उघडझाक रोजची असेल तर झाकणात कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडा लाइमची नळी. काचेच्या बाटलीला काचेचं बूच लावू नका. कॉस्टिक काच खातं आणि बूच असं बसतं की मग बाटलीच फोडावी लागते.

सातवी: भांड्यांचं माप

एवढं सगळं करूनही सरक राहिली तर पिपेटवरच शंका घ्या. तिच्यावर २० किंवा २७ अंश असं तापमान लिहिलेलं असतं, आणि ए वर्गाच्या २५ मिली पिपेटला ०.०३ मिलीची सूट असते. ऊर्ध्वपातित पाणी भरून ते वजन केलेल्या झाकणाच्या बाटलीत सोडा. २७ अंशांना २५ मिली पाणी २४.९ ग्रॅमच्या जवळ भरतं. पाच वेळा करा. टोक तुटलेली पिपेट माप चुकवते. ती शिकवायला ठेवा, मोजायला नको.

कुठे थांबायचं

नमुन्यात हायपोक्लोराइट, म्हणजे विरंजनाचं द्रव, मिसळल्याची शंका असेल तर लगेच थांबा. आम्ल पडलं की क्लोरीन सुटतो. दर्शकाचा रंग कायमचा जातोय आणि वास तिखट येतोय, एवढं दिसलं तरी फ्लास्क ठेवून खोलीबाहेर या आणि जबाबदार रसायनतज्ज्ञाला बोलवा.

सिलिकेट, फॉस्फेट, साबण किंवा अमाइन असलेला नमुना असेल तर वरचा दोन दर्शकांचा हिशेब लागू पडत नाही, कारण तेही आम्ल खातात आणि आपापल्या सामूला खातात. गढूळ किंवा रंगीत नमुन्यात शेवट दिसतच नसेल तर डोळे ताणून उपयोग नाही, सामूमापक लावून आलेख काढणारी प्रयोगशाळा गाठा.

तराजू प्रमाणित वजनावरच चुकत असेल तर आतले स्क्रू फिरवू नका. ते काम कंपनीच्या तंत्रज्ञाचं आहे. गरम टाकीतून नमुना काढणं हेही शिकलेल्या माणसाचंच काम आहे, लॅबमधल्या शिकाऊ मुलाला शिडीवर चढवू नका. आणि उत्तर पैशाच्या व्यवहारात, प्रमाणपत्रात किंवा वादात वापरलं जाणार असेल तर घरचं रीडिंग कितीही जुळलं तरी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवा.

पाठवताना पॉलिथिनची बाटली काठोकाठ भरा, म्हणजे आत हवा राहत नाही. झाकण घट्ट करा. चिठ्ठीवर नमुना काढल्याची तारीख आणि वेळ, पातळ केला असल्यास किती पट, आणि तुमची फिनॉल्फ्थॅलीन आणि मिथिल ऑरेंजची दोन्ही रीडिंग, न जुळलेलीसुद्धा, लिहून द्या.